हॉस्पिटलसाठी दोन दिवसांचं सीबीआरएन ट्रेनिंग आणि सोबतचं किट: पैसे वसूल झाले का?

आधीच सांगते, लांब लिहिलंय, चहा घेऊन बसा. आणि कंपनीचं नाव विचारू नका, टाकणार नाही, कारण त्यांचं आमच्या मॅनेजमेंटकडे अजून अर्धं बिल अडकलंय आणि मला इथेच नोकरी करायचीय. पण असली ट्रेनिंगं विकणारे सध्या बरेच फिरतायत, दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीशी बोलले तर तिच्याकडे आलेल्यांची पीपीटी पण जवळपास हीच, त्यामुळे तुमच्या मेट्रनने किंवा अ‍ॅडमिन सरांनी असलं काही बुक करायचं मनावर घेतलं असेल तर एकदा वाचून घ्या.

मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर. पुण्याजवळच्या एमआयडीसी पट्ट्यातलं शंभर बेडचं हॉस्पिटल, म्हणजे आमचं रोजचं काय तर बोट मशीनमध्ये गेलं, बाईकवरून पडले, अंगावर केमिकल उडालं, कोणीतरी घरात भांडून काहीतरी प्यायलं. एनएबीएचचे, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे, असेसर येणार होते आणि डिझास्टर प्लॅनच्या फाइलमध्ये सीबीआरएन, म्हणजे केमिकल, बायोलॉजिकल, रेडिओलॉजिकल, न्यूक्लिअर, हे पान कोरं होतं, ते भरायला हे ट्रेनिंग. दोन दिवस, ४० माणसं, सोबत एक किट, ८५ हजार अधिक जीएसटी. विषय असा की अतिरेक्यांनी बॉम्ब-गोळी सोडून गॅस, जंतू नाहीतर रेडिएशन वापरलं तर हॉस्पिटलने काय करायचं. आमचा एक ब्रदर म्हणाला, आपल्याकडे कोण येतंय गॅस सोडायला, नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्येच त्याचा दिवस जाईल. हसलो सगळे, मी पण.

पहिला दिवस सेमिनार हॉलमध्ये. फुल एसी, ब्लेझर घातलेले सर, स्लाइड मोजल्या नाहीत पण दीडशेच्या वर नक्की असतील, सगळ्या इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. आत फक्त क्लिनिकल स्टाफ घेतला. वॉर्डबॉय मामा, आया मावश्या, वॉचमन काका, रिसेप्शनच्या मुली सगळे बाहेर. मी मेट्रन मॅडमना विचारलं तर म्हणाल्या ४० चंच पॅकेज आहे. हे मला तेव्हाच खटकलं, कारण आमच्याकडे पेशंट रिक्षातून उतरतो तेव्हा त्याला पहिला हात वॉचमन काका लावतात, मग स्ट्रेचर घेऊन मामा, मग मी, आणि आरएमओ सर, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, येईपर्यंत पेशंट बेडवर असतो. म्हणजे जे काही अंगाला चिकटून आत यायचंय ते तीन माणसं ओलांडून डॉक्टरपर्यंत पोचतं आणि त्यातली दोन माणसं ट्रेनिंगच्या दाराबाहेर उभी.

सरांनी पहिला सगळा वेळ गॅस-केमिकलपासून वाचवणाऱ्या सूटचे प्रकार शिकवले. लेव्हल ए, बी, सी, डी, कुठल्या देशात काय वापरतात, किंमती काय, आणि ते सूट त्यांची कंपनी पण विकते हे मध्ये मध्ये यायचंच. टोकियोच्या मेट्रोतल्या विषारी हल्ल्याची केस एका स्लाइडमध्ये उडवली, फोटो आणि खाली एक आकडा, ६४०. तो आकडा माझ्या डोक्यात अडकला. ६४० पेशंट, एक हॉस्पिटल, एक दिवस. आमच्याकडे कंपनीच्या कॅन्टीनमधल्या जेवणाने २२ जण एकदम आले होते तेव्हा सलाइन लावायला स्टँड कमी पडले, खिडकीच्या गजाला बाटल्या लटकवल्या होत्या. म्हणून रात्री घरी गेल्यावर मुलाचा टिफिन वगैरे आवरून मी मोबाइलवर वाचत बसले ते दीड वाजेपर्यंत.

२० मार्च १९९५, सोमवार, सकाळी ऑफिसला जायची गर्दी. ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या मेट्रोत तीन लाइनच्या पाच गाड्यांमध्ये सरीन नावाचं विषारी रसायन सोडलं. हॉस्पिटलांमध्ये त्या दिवशी आणि नंतर मिळून साडेपाच हजाराच्या आसपास लोक गेले, त्यातले अँब्युलन्सने आलेले सातशेच्या आत, बाकीचे चालत, टॅक्सीने, कोणाच्या तरी गाडीत बसून. आपली सगळी फाइल अँब्युलन्स येणार, कंट्रोल रूमचा फोन येणार, मग आपण तयार होणार अशी लिहिलेली आणि तिकडे माणसं चालत दारात. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलला ६४० गेले. तिथले प्रमुख हिनोहारा, त्यांनी महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर जागेअभावी हाल झालेले बघितले होते, म्हणून नवीन बिल्डिंग बांधताना त्यांनी कॉरिडॉरमध्ये आणि चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या हॉलमध्ये सुद्धा भिंतीत ऑक्सिजनचे पॉइंट काढून ठेवले होते. लोक तेव्हा म्हणाले असतील म्हाताऱ्याला काहीतरी खूळ लागलंय. त्या सोमवारी ते पॉइंट उपयोगी पडले. पण त्याच चॅपलमध्ये हवा खेळत नव्हती, आणि पेशंट कपड्यांसकट आत घेतले होते, कपड्यांतून जे काही उडत होतं ते नर्सेस आणि डॉक्टरांच्या डोळ्यात-नाकात. नंतर स्टाफला विचारलं तर उत्तर दिलेल्या ४७२ पैकी ११० जणांना त्रास झालेला, आणि चॅपलमध्ये काम करणाऱ्यांत सगळ्यात जास्त.

हे वाचताना मला आमची कॅज्युअल्टी दिसत होती. एक दरवाजा, खिडक्या सील, स्प्लिट एसी. चॅपलच की.

सरीन हे नक्की काय आहे ते सरांनी वेपन ऑफ मास डिस्ट्रक्शन एवढंच सांगितलं होतं. पण लक्षणं वाचली आणि मी उठूनच बसले. बाहुली टाचणीएवढी, लाळ, घाम, छातीत घरघर, उलटी-जुलाब, स्नायू फडफडणं, मग श्वास बंद. उतारा एट्रोपिन आणि पॅम ही इंजेक्शनं. अरे हे तर फवारणीचं औषध! मी यवतमाळकडची. २०१७ ला तिकडेच एका खाजगी दवाखान्यात होते, त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि फवारा उलटा तोंडावर, जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो अ‍ॅडमिट. सरीन आणि आपली ऑर्गनोफॉस्फरसची कीटकनाशकं एकाच कुळातली, शरीरातलं एकच एन्झाइम बंद पाडतात, जोर फक्त कितीतरी पटीने वेगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना म्हटलं, सर, हे तर आमच्याकडे दर पावसाळ्यात येतं. तर ते म्हणाले, नो सिस्टर, धिस इज अ वेपन. आणि पुढची स्लाइड.

मला तेव्हाचं काय आठवतं सांगू का, अँप्यूल. आपल्याकडे एट्रोपिनची अँप्यूल शून्य पॉइंट सहा मिलिग्रॅमची, आणि एक सिरियस पेशंट एका रात्रीत शंभर-शंभर अँप्यूल खातो. छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं, बाहुलीकडे बघून थांबायचं नाही हे तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरने मला शिकवलं. रात्रभर अँप्यूल फोडायच्या, एकजण फोडतोय एकजण भरतोय, सकाळी अंगठ्याला आणि तर्जनीला बारीक बारीक काप, काचेचे, पाणी लागलं की झोंबायचे. आणि पेशंटचा शर्ट कोणी काढलाच नाही बराच वेळ, हिरवट वास मारणारा ओला शर्ट तसाच अंगात, उशाशी बसलेली बायको त्याच शर्टावर डोकं टेकून रडतेय, आणि तासाभराने मला स्वतःला डोकं जड, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा वाटलं जेवण नाही झालं म्हणून. टोकियोच्या सिस्टरांना पण सुरुवातीला असंच वाटलं असेल.

पॅमचा किस्सा पण वाचला. टोकियोत तेवढा साठा नव्हता, एवढं फवारणीचं विष शहरात कोण पितंय, म्हणून दुसऱ्या गावांतून बुलेट ट्रेनने मागवावं लागलं. आणि हे सरीनच आहे हे ओळखायला मदत कोणाची, तर मात्सुमोतो गावात आदल्या वर्षी, जून १९९४ ला, त्याच पंथाने सरीन सोडलं होतं, तिथले पेशंट बघितलेल्या शिन्शू युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी टीव्हीवर लक्षणं बघितली आणि स्वतःहून फोन केला. छोट्या गावच्या डॉक्टरांनी राजधानीला शिकवलं. वणी-पांढरकवड्याच्या कुठल्याही अनुभवी सिस्टरला कॅज्युअल्टीच्या दारात उभं करा, ती दहा पेशंटमध्ये सांगेल हे कशातलं आहे. ते ८५ हजारांच्या पॅकेजमध्ये नव्हतं.

आता दुसरा दिवस, आणि इथे रिव्ह्यू पलटतो. ब्लेझरवाले सर अकरा वाजता एअरपोर्टला गेले आणि प्रॅक्टिकलसाठी दुसरे साहेब आले. आर्मीतून रिटायर्ड, सातारकडचे, साधा शर्ट, पायात स्पोर्ट शूज. त्यांनी पहिलं काय केलं तर हॉलमध्ये आलेच नाहीत, गेटवर वॉचमन काकांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि वीस मिनिटं नुसतं बघत होते कोण कुठून येतंय. मग आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं आणि म्हणाले, ज्यांना काल आत घेतलं नाही त्यांना आधी पुढं उभं करा. मामा-मावश्या लाजत पुढे. मेट्रन मॅडम म्हणाल्या साहेब ४० चं पॅकेज आहे. साहेब म्हणाले, मॅडम, पाणी मारायला पॅकेज लागत नाही.

मे महिना, साडेअकराच्या सुमारास, पार्किंगमध्ये. साहेबांचं सगळं शिक्षण एका ओळीत होतं, आधी कात्री, मग पाणी, मग सुई. म्हणजे पेशंट दारातच थांबवायचा, कपडे कापून उतरवायचे, नुसते कपडे उतरले तरी अंगावरचं बरंचसं गेलं, मग भरपूर पाणी आणि साबण, आणि मग आत. जो धडपडतोय, श्वास घेत नाहीये त्याला बाहेरच इंजेक्शन आणि अँबू बॅगने श्वास, त्याच्यासाठी पाण्याची वाट बघायची नाही. कपडे डोक्यावरून ओढून काढायचे नाहीत, नाकातोंडावरून जातात, समोरून उभे कापायचे. कापलेले कपडे डबल पिशवीत, तोंड बांधून, वाऱ्याच्या दिशेने लांब. आणि आपण कायम वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, त्यासाठी त्यांनी गेटच्या ग्रिलला फाटक्या बँडेजची पट्टी बांधली, वारा कुठून ते दिसायला. दीडशे स्लाइडपेक्षा ती पट्टी भारी. अजून तिथेच आहे.

पेशंट म्हणून आमच्या एका मावशी तयार झाल्या. साडीवर. साहेब म्हणाले कापा. मावशी म्हणाल्या, अहो नवीन आहे, रुखवताची. शेवटी वरून जुनी बेडशीट गुंडाळली आणि ती कापली, पण खरा प्रश्न तिथेच उभा राहिला. पार्किंगमध्ये रस्त्यावरून दिसतं. बाई उघड्यावर कपडे उतरवेल का? नाही उतरवणार, जीव गेला तरी नाही, आणि तिचा नवरा-सासू आपल्यालाच मारायला धावतील. साहेबांनी हे हसण्यावारी नाही नेलं. म्हणाले फॉरेनच्या पुस्तकात हे दोन ओळीत असतं, आपल्याकडं इथंच सगळं अडतं. मग आम्ही सलाइन स्टँडला दोरी बांधून दोन बेडशीटचे आडोसे केले, बायकांचा वेगळा, आत फक्त सिस्टर आणि मावशी, कापल्यावर लगेच अंगावर ऑपरेशन थिएटरचा गाऊन. मंगळसूत्र, बांगड्या, मोबाइल झिपच्या पिशवीत, पिशवीवर जो नंबर तोच मनगटावर मार्करने. मावशींनी मंगळसूत्र काढायला नकारच दिला, मग ते गळ्यातच धुतलं. चालतं म्हणाले साहेब, भांडू नका, धुवा.

पाण्याची गंमत ऐका. बागेचा पाइप लावला, सातव्या माणसाला प्रेशर गेलं. का तर त्याच लाइनवर डायलिसिसचा आरओ आणि त्यांची शिफ्ट तेव्हाच चालू होते. आणि धुतलेलं पाणी कुठे गेलं तर उतारावरून सरळ गेटबाहेर, चहाच्या टपरीच्या पायरीपाशी. टपरीवाला वैतागला, साहेब खुश, म्हणाले हे कागदावर कधीच कळलं नसतं. मी घड्याळ लावलं होतं, एका माणसाला सरासरी चार मिनिटं. ६४० माणसं, एक पाइप, २,५६० मिनिटं, म्हणजे जवळपास ४३ तास. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणून जो चालू शकतो त्यानं स्वतः उतरवायचं, स्वतः अंगावर घ्यायचं, तुम्ही फक्त ओरडून सांगायचं, आणि फायर ब्रिगेडच्या दोन गाड्या समोरासमोर लावून मधून पाण्याचा पडदा करायचा आणि लोक चालवत न्यायचे. फायर ऑफिसरचा नंबर आहे का कोणाकडे? ४० क्लिनिकल स्टाफमध्ये कोणाकडेच नव्हता. वॉचमन काकांकडे होता, त्यांचा भाचा तिकडे ड्रायव्हर.

आणि दोन्ही दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न पण काकांचाच. साहेब, रिक्षावाला पेशंट आणून सोडणार, तेव्हा रिक्षा आत घेऊ का बाहेरच उतरवू, आणि त्या रिक्षावाल्याचं काय? कारण त्याच्या सीटला पण लागलंय आणि तो तिथून दुसरं भाडं घ्यायला जाणार. साहेब क्षणभर गप्प, मग म्हणाले, काका, रिक्षा बाहेर, रिक्षावाला पेशंट नंबर दोन. आरएमओ सरांनी हे लिहून घेतलं, पहिल्यांदाच पेन काढलेलं बघितलं मी त्यांचं.

सूट घालायचा प्रयोग पण झाला. मी घातला. किटमधला सूट, एकच होता, साइज एक्सएल, मी पाच फूट. आत घाम पायापर्यंत ओघळतो, काचेवर वाफ, बाहेरचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. शिरा शोधायला सांगितलं, जाड ग्लोव्हजमध्ये कॅन्युला धरता येईना, दोनदा पडला. वीस मिनिटांत गरगरलं, साहेबांनी स्वतः चेन उघडली आणि ओआरएस पाजलं. म्हणाले पुण्याच्या मे महिन्यात सूटवाला माणूस वीस मिनिटांनी बदलायचा, म्हणजे एका जागेला तीन-चार माणसं पाहिजेत, तेवढे सूट आहेत का? एक आहे. मग?

आता किट. खरं सांगायचं तर किट म्हणजे फसवणूक नाही पण दिखावा आहे. मोठी पिवळी बॅग, वर रेडिएशनचं चिन्ह, असेसरला दाखवायला एकदम भारी. आत: तो एक सूट, दोन एन-९५ चे डबे, सर्जिकल ग्लोव्हज, पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या, पेनाएवढं रेडिएशन मीटर, एक शिट्टी आणि लॅमिनेट केलेलं कार्ड. एन-९५ धूळ आणि जंतूंना ठीक, गॅस-वाफेला त्याचा उपयोग नाही. सर्जिकल ग्लोव्हजमधून असली रसायनं आरपार जातात, त्याला ब्युटाइल रबरचे लागतात. आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइड वाचवते आणि ती पण रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन असलं तरच, बाकी कशावर काही नाही, पण आमच्या फार्मसीवाल्याला वाटत होतं रेडिएशनवरची क्रोसिन आहे ती. एक्सपायरी सहा महिन्यांवर. मीटरला सेल नव्हता, कॅलिब्रेशनचा कागद नव्हता. आणि जे पाहिजे ते एकही नाही: कात्र्या नाहीत, एट्रोपिन नाही, पॅम नाही, पिशव्या नाहीत, मार्कर नाही. शिट्टी आहे.

रेडिएशनचा भाग ब्लेझरवाल्यांनी अणुबॉम्बच्या ढगाचा फोटो लावून केला. अरे बाबा, आपल्याला येईल ते भंगारातून येईल. एप्रिल २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात दिल्ली युनिव्हर्सिटीने लिलावात काढलेलं जुनं मशीन आलं, आत कोबाल्ट-६०, कामगारांनी फोडलं, एकजण गेला. तो अतिरेकी हल्ला नव्हता, पण कोणी मुद्दाम केलं तरी कॅज्युअल्टीला पेशंट असाच दिसणार, उलट्या, काळी पडलेली कातडी, गळणारे केस, आणि कोणी सांगणार नाही कशाने. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ ला असंच सीझियम भंगारात फुटलं, चार माणसं गेली, पण तपासायला रांगेत लागले एक लाख १२ हजार, आणि त्यातले खरे लागलेले २४९. हा आकडा मी भिंतीवर लावलाय. जे खरे आजारी त्यांच्यापेक्षा घाबरलेले किती पट, आणि त्यांना पण आपणच बघायचं, त्यांना घरी जा म्हणून चालत नाही. साहेबांनी रेडिएशनचं एकच सांगितलं आणि ते मला पटलं, की पेशंट रक्तबंबाळ असेल तर आधी रक्त थांबवा, त्याच्या अंगावरच्या धुळीला घाबरून लांब उभं राहू नका, गाऊन-मास्क-ग्लोव्हज घाला आणि काम करा, कपडे काढले, पुसलं, धुतलं की तुम्हाला धोका फार कमी. गॅसच्या बरोबर उलटं. हा फरक स्लाइडमध्ये कुठेच नव्हता.

जंतूंचा भाग सगळ्यात कच्चा, वीस मिनिटं, त्यात पण अमेरिकेची पाकिटातली अँथ्रॅक्स पावडर, २००१, २२ आजारी, ५ मृत्यू, झालं. मला जास्त इंटरेस्टिंग वाटली ती १९८४ ची ओरेगॉनची केस, जी त्यांनी घेतलीच नाही आणि जिचे धागे थेट आपल्या कोरेगाव पार्कात येतात. रजनीश पुण्यातून अमेरिकेला गेल्यावर तिथल्या आश्रमातल्या काही जणांनी द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला टाकला, स्थानिक निवडणुकीत गावचे लोक मतदानाला येऊ नयेत म्हणून. ७५१ आजारी, कोणी दगावलं नाही. पण हॉटेलच्या कामगारांच्या हातांमुळे झालं असेल असंच आधी सरकारी तपासात आलं, मुद्दाम केलं होतं हे कळायला वर्ष गेलं. म्हणजे जंतूंचा हल्ला सायरन वाजवत येत नाही, तो ओपीडीत जुलाब आणि ताप म्हणून येतो, आणि मला मंगळवारी सकाळी दहा जुलाबवाले दिसले तर मी रिंगरची सलाइन लावून मोकळी. अशा वेळी कोणाला कळवायचं, जिल्हा सर्व्हेलन्स ऑफिसला रोजचा रिपोर्ट कोण भरतं, सॅम्पल कुठे जातं, हे शिकवायला हवं होतं. विषाणू तपासणारी राष्ट्रीय संस्था एनआयव्ही आपल्या पुण्यात, पाषाणला नवीन कॅम्पस आणि आंबेडकर रोडला जुनं, आणि सर स्लाइड दाखवतायत अ‍ॅटलांटाच्या लॅबची.

घाबरण्याचं तर माझे वडील सांगायचे, १९९४ ला सुरतला प्लेग निघाला तेव्हा टेट्रासायक्लिन मेडिकलमधून गायब आणि ट्रेन भरभरून लोक बाहेर पडलेले. प्लेगने गेले साठच्या आत, पळाले लाखो, आणि पळणाऱ्यांत दवाखाने बंद करून गेलेले डॉक्टर पण होते. स्टाफ कामावर राहील का, त्याच्या घरच्यांना गोळ्या आधी देणार का, हा प्रश्न मी विचारला तर सर म्हणाले एचआर पॉलिसी मॅटर.

मॉस्कोचं एक सांगते आणि थांबते. २००२ ला थिएटरमध्ये अतिरेक्यांनी शेकडो लोक ओलीस धरले, सरकारनेच आत गॅस सोडला, अतिरेकी संपले पण १३० च्या आसपास ओलीस पण गेले, बहुतेक त्या गॅसनेच. बाहेर उभ्या डॉक्टरांना काय सोडलंय ते सांगितलंच नव्हतं. माणसं उताणी ठेवली, जीभ मागे पडून श्वास अडकला. कुशीवर वळवायला सूट लागत नाही हो.

फुकटात काय मिळतं ते पण लिहिते, कारण हे मला आधी माहीत असतं तर मी मॅडमना सांगितलं असतं. एनडीएमएच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या, गाइडलाइन आहेत, केमिकल डिझास्टर २००७, बायोलॉजिकल २००८, रेडिएशनची आणि खास केमिकल टेररिझमची २००९. जुन्या आहेत, भाषा सरकारी आहे, पण पीपीटीतल्या कितीतरी स्लाइड तिथूनच उचललेल्या आहेत, चित्रांसकट. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे, त्यांच्याकडे याचंच ट्रेनिंग घेतलेली माणसं, पत्र द्यायला काय जातंय. विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समध्ये २४ तास चालणारं पॉयझन सेंटर आहे, त्याचा नंबर कॅज्युअल्टीच्या फोनवर चिकटवा. आमच्याकडे त्या जागी पिझ्झावाल्याचा स्टिकर होता.

ट्रेनिंगनंतर आम्ही काय केलं: १५ कात्र्या घेतल्या, साध्या, कपड्याच्या दुकानातल्या, आणि एक बॉक्स गेटवर काकांच्या केबिनमध्ये ठेवला. एट्रोपिनचा साठा वाढवा म्हणून फार्मसीला लेखी दिलंय, ते म्हणतात एक्सपायर झालं तर कोणाच्या पगारातून कापू, त्यावर मीटिंग पेंडिंग आहे. टाकीची वेगळी लाइन मंजूर झाली नाही. किट स्टोअरच्या कपाटावर आहे, असेसरने फोटो काढला, फुल मार्क.

सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दोनदा मेल केला, उत्तर नाही. मात्र रिफ्रेशरसाठी फोन बरोबर आला, ४० हजार, आणि मॅडम प्लीज फाइव्ह स्टार द्या. तर माझे स्टार असे: पहिला दिवस दोन, किट दीड, दुसरा दिवस पाच. सरासरी तुम्ही काढा. घ्यायचंच असेल तर फोनवर स्पष्ट सांगा की फक्त पार्किंगवाला दिवस पाहिजे आणि ते सातारचे साहेबच पाहिजेत, आधी डायलिसिसच्या शिफ्ट बघून वेळ ठरवा, वॉचमनची रजा नाही ना ते बघा, आणि मे महिन्यात तर बिलकुल ठेवू नका.